ड्राइव्हसकट

आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बिल्डिंगमध्ये उलटीच गोष्ट फिरते आहे. मी म्हणे एका म्हाताऱ्या माणसाला घोळात घेतलं आणि त्याचा चांगला कॉम्प्युटर कवडीमोलानं उचलला. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे तशाच नजरेनं बघतात. तेव्हा जे घडलं ते मी सांगतो, मग ठरवा.

मी शारजात आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकत होतो. आज इथल्याच अल नहदा भागात प्रिंटरच्या शाईचं आणि टोनरचं माझं स्वतःचं दुकान आहे. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. लोक बिघडलेली मशीन दुकानात टाकून जायचे, ती उघडून बघत बघत शिकलो. आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्या-मुंबईचे इंजिनिअर पुष्कळ आहेत. ते दिवसभर ऑफिसात ढगातले सर्व्हर चालवतात आणि घरचा वायफाय बंद पडला की बायकोला म्हणतात, "नातूरला विचार." नातूर म्हणजे आमचा वॉचमन. त्याचं काम पाण्याच्या टाकीचं आहे.

भाव करणं हा माझा स्वभाव आहे, तो मी लपवत नाही. पेट्रोल सोडलं तर या देशात मी सगळ्याचा भाव केला आहे. एकदा दाताच्या डॉक्टरशी केला, तोंडात त्याची हत्यारं असताना, बोटांनी. माझी मुलगी माझ्याबरोबर मॉलमध्ये येत नाही. "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग," म्हणते, आणि मी वाचवलेल्या पैशांचं आइस्क्रीम खाते.

आता या स्वभावाच्या माणसाचं आजच्या कॉम्प्युटरच्या जगात काय होतं बघा. पूर्वी वस्तू विकत मिळायची. दुकानदार समोर असायचा, त्याच्याशी भांडता यायचं. आता सगळं महिन्याच्या भाड्यानं. फोटो ठेवायला भाडं, हिशेब लिहायला भाडं, आणि आता प्रश्न विचारायलाही भाडं. रोज सकाळी बातम्या वाचतो तर कुठली तरी कंपनी म्हणत असते की आमचा बोलका कॉम्प्युटर सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. खाऊ दे. पण त्याच्याशी भाव कसा करायचा ते एकही बातमीदार लिहीत नाही. मी प्रयत्न केला. दर वाढल्याचा मेसेज आला तेव्हा चॅटवर जाऊन लिहिलं, जुना ग्राहक आहे, काही कमी करा. उत्तर आलं, "तुमची नाराजी मी समजू शकतो." मी लिहिलं, नाराजी समजू नको, दर समज. पुन्हा तेच उत्तर. अर्धा तास मी त्या यंत्राशी भांडलो आणि त्याचा आवाजही चढला नाही. असलं भांडण माणसाला खाऊन टाकतं.

म्हणून मी ठरवलं की स्वतःचा एक दणकट कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर असला बोलका प्रोग्राम घरातच बसवायचा. इंटरनेट नको, भाडं नको. तो मला मराठीत बातम्या वाचून दाखवेल आणि मी त्याला उलट बोललो तरी बिल येणार नाही. एवढीच इच्छा होती. आयुष्यात पहिल्यांदा दुकानासाठी नाही, मुलीच्या शाळेसाठी नाही, फक्त माझ्यासाठी एक मशीन.

आणि त्याच आठवड्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर चाचांचा मेसेज आला: कायमचे परत चाललो, सामान विकणे आहे. सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, झाडं. इथे हे नेहमीचंच आहे. माणूस जातो आणि त्याचं घर तुकड्यातुकड्यानं वेगवेगळ्या मजल्यांवर जाऊन बसतं. आमचं डायनिंग टेबल सहाव्या मजल्यावरून आलंय, पडदे नवव्यावरून.

चाचा मूळचे रत्नागिरीचे. शिपिंग कंपनीत आयुष्य गेलं, आता मुलगा म्हणत होता गावी चला. यादीत कॉम्प्युटर नव्हता. पण तो मी पाहिला होता, एकदा ईदच्या शीरखुर्म्याला गेलो असताना. फ्रिजच्या निम्म्या उंचीचा काळा टॉवर, आत एकावर एक ड्राइव्ह लावलेल्या, कपाटातल्या खणांसारख्या. शीरखुर्मा कसा होता मला आठवत नाही.

मी बायकोला म्हटलं, "यादीत कॉम्प्युटर नाही."

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना तो द्यायचा नसेल. राहू द्या ना."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी लगेच जिना उतरलो. चाचांनी दार उघडलं, सुलेमानी चहा दिला आणि म्हणाले, "शेठ, फ्रिज बघा. नवाच आहे."

"फ्रिज नको. तो काळा टॉवर बोला."

"तो? तो नाही विकायचा."

"चाचा, रत्नागिरीला नेणार तो? विमानात शेजारच्या सीटवर बसवणार?"

ते हसले. मग बराच वेळ दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "दीड हजार दिरहम."

मी आकडा मोठ्यानं रुपयात केला, कारण रुपयात केला की समोरच्याला स्वतःची लाज वाटते. "पस्तीस हजार! चाचा, एवढ्यात गावाला म्हैस येते." मग मी पंखा वाजतो म्हणालो, खोका जुना म्हणालो, वायरी पिवळ्या पडल्यात म्हणालो. नऊशेवर आणला. फार पटकन आले खाली. तिथेच मला संशय यायला हवा होता, पण जिंकणाऱ्या माणसाला संशय येत नाही.

"ठीक आहे," चाचा म्हणाले. "फक्त ड्राइव्ह मी काढून घेतो. त्यात लोकांचं थोडं काही काही आहे."

माझं डोकंच फिरलं. ही युक्ती मला शिकवणार? टायर काढून गाडी विकायची? "हबीबी, असं नाही चालणार," मी उभाच राहिलो. "ड्राइव्हसकट घेणार. नाहीतर हा चहा परत घ्या."

"अहो, पण त्यात लोकांचं..."

"असू दे लोकांचं! लोकांचं काय ते मी बघतो. ड्राइव्हसकट. बोला."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू खूप वर्षांनी त्यांची पाठ दुखायची थांबली. म्हणाले, "बघाल ना नक्की? मग खलास, ठरलं. घ्या तुम्ही." आणि हात पुढे केला. टॉवर वर न्यायला नातूरला बोलावला, त्याच्यासमोर पुन्हा म्हणाले, "शेठ ड्राइव्हसकट घेतायत हां." मी म्हटलं, हो हो, साक्षीदार आहे. मूर्खासारखा साक्षीदारही मीच कबूल केला.

चाचा गेले. एअरपोर्टला त्यांना सोडायला तीन गाड्या भरून माणसं गेली. मी घरी टॉवर उघडून बसलो होतो. ड्राइव्ह सगळ्या भरलेल्या. म्हटलं, पुसून टाकू आणि कामाला लागू. तेवढ्यात बेल वाजली.

पाचव्या मजल्यावरच्या पुण्याच्या बाई होत्या. हातात डबा. "चाचांचा कॉम्प्युटर तुमच्याकडे आलाय ना? त्यात आमच्या आईंच्या पंचाहत्तरीचे फोटो आहेत. दोनच हवेत. आई गेल्या, फ्रेम करायची आहे."

मी काय करणार? शोधून दिले. चिवडा घेतला. दुसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावरचे गृहस्थ आले, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ. मग महाडच्या दोघी जावा, निकाहचा व्हिडिओ. त्यांचं आपसात बोलणं नव्हतं, म्हणून एकाच व्हिडिओसाठी दोनदा बेल वाजली. मग तर विषय फोटोंचा राहिलाच नाही. फोन भरला, प्रिंटर रुसला, शाळेचं पोर्टल उघडेना. खालच्या बकालावाल्याचा, म्हणजे किराणा दुकानदाराचा, बारकोडसुद्धा माझ्या हॉलमध्ये येऊन वाचला गेला. चाचा किती तरी वर्षं हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. मी समजत होतो की बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटरचा जाणकार एकच आहे, आणि लोक मला विचारत नाहीत ते माझ्या भीतीनं.

भीती मात्र आता कुणाला उरली नव्हती. उलट टोमणे.

"चाचा असं ओरडायचे नाहीत हो."

"चाचा आधी बसायला सांगायचे."

एका इंजिनिअर साहेबांनी तर कहर केला. मी खाली वाकून त्यांचा लॅपटॉप उघडतोय आणि ते माझ्या सोफ्यावरून म्हणतात, "चाचा सुलेमानी द्यायचे." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणे अख्ख्या बँकेचे सर्व्हर सांभाळता?" तर म्हणाले, "तिथे टीम आहे." इथे टीम मीच.

माझा बोलका प्रोग्राम तसाच राहिला. त्याला जागा हवी आणि जागेत लोकांची बारशी. मराठीत बातम्या वाचून दाखवणारं यंत्र हवं होतं, त्याऐवजी माझ्या घरात साऱ्या बिल्डिंगच्या बातम्या माणसं स्वतः येऊन वाचून दाखवत होती.

शेवटी मी ग्रुपवर लिहिलं: येत्या शनिवारी सर्व ड्राइव्ह पुसण्यात येतील. ज्याचं त्यानं आधी घेऊन जावं. नंतर तक्रार चालणार नाही.

मग पाचव्या मजल्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं. मग कुणीतरी लिहिलं, "चाचांना कळवू का?" मला चाचांचा धाक! शनिवारी सकाळी मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खुर्ची ओढली आणि कीबोर्डवर हात ठेवला.

बायको टॉवरसमोर येऊन उभी राहिली. "पुसायचं नाही."

"का? तुझं काय आहे त्यात?"

"आहे."

"काय आहे?"

"सगळं. आपलं सगळं. लग्न, हिचा पहिला वाढदिवस, तुमच्या दुकानाची पूजा. मी चाचांकडे देऊन ठेवलेलं."

मी म्हटलं, "आपले फोटो? घरात मी असताना?"

"तुम्ही होता म्हणूनच. मागे तुम्ही सगळे फोटो एकत्र करायला घेतले होते, आठवतंय?"

त्या गोष्टीबद्दल या घरात गैरसमज आहे, तोही मिटवतो. ते फोटो होते ती ड्राइव्ह आपोआप बिघडली. मी फक्त त्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिथे बसलो होतो. बायको तेव्हा एक शब्द बोलली नाही, रडली नाही. मला वाटलं, मोठ्या मनाची आहे. ती मोठ्या मनाची नव्हती, तिच्याकडे दुसरी प्रत होती.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मुलगी आतून म्हणाली, "बाबा, एव्हरीबडी न्यू."

मी शहानिशा करायला तो पहिला वाढदिवस उघडला. व्हिडिओत मुलगी केकसमोर बसली आहे आणि मागे मी केकवाल्याशी हुज्जत घालतोय, की क्रीम ठरल्यापेक्षा कमी आहे. कॅमेरा दोन मिनिटं मुलीवर आणि बाकी सगळा वेळ माझ्यावर. कॅमेऱ्यामागून कुणीतरी खुदखुदत हसतंय. तो आवाज चाचांचा. मुलीनं तो व्हिडिओ तीनदा लावला. तिसऱ्यांदा तिनं मला जवळ ओढून बसवलं आणि म्हणाली, "लुक, बाबा, यू वॉन. ही गेव्ह मोअर क्रीम." दिलंच होतं त्यानं. माझ्याच लक्षात नव्हतं.

पुसायचं राहिलं. पण राग राहिला नाही असं कुणी समजू नये. मी चाचांना चांगली लांब व्हॉइस नोट पाठवली. म्हटलं, चाचा, ही दगाबाजी आहे. तुम्ही मला मशीन विकलं की बिल्डिंग?

संध्याकाळी उत्तर आलं. मागे कोंबडा, कुणाची तरी मोटरसायकल, आणि चाचा मजेत. "अरे शेठ, 'काढून घेतो' म्हटलं नसतं तर तुम्ही ठेवून घेतलं असतं का? किती दिवस विचार करत होतो, हे द्यायचं कोणाला. इंजिनिअर लोकांना दिलं तर ते धूळ खात पडलं असतं. हात तुमचा चांगला आहे, स्वभाव सोडा. आणि अक्कल माझी नाही हां. तुमच्या मंडळींनीच सांगितलं, 'चाचा, घ्या म्हणालात तर घेणार नाहीत. द्यायचा नाही म्हणा.' चहा देत जा लोकांना. इन्शाल्ला, सगळं ठीक होईल."

मी ती व्हॉइस नोट बायकोसमोर मोठ्या आवाजात लावली.

"मी?" ती म्हणाली. "मी कधी? चाचांना हल्ली आठवत नाही नीट."

मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "मी असं म्हणालो का? वहिनी म्हणतात तर तसंच असेल."

गेल्या आठवड्यात मी नवी ड्राइव्ह आणली. माझ्या प्रोग्रामसाठी आणली होती. तिच्यात आता लोकांच्या फोटोंची दुसरी प्रत आहे, कारण एका प्रतीवर भरवसा ठेवणारा माणूस मूर्ख, आणि लोकांचं काय ते मी बघतो असं मी साक्षीदारासमोर बोललो आहे. मी शब्द फिरवत नाही. पण मला नऊशे दिरहमांत जे मशीन मिळायला हवं होतं ते अजून मिळालेलं नाही.

तेव्हा मला उत्तर पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरून गावी गेलेल्या माणसानं द्यावं, नाहीतर भाजी चिरताना मान वर न करणाऱ्या बाईनं द्यावं. 'द्यायचा नाही म्हणा' हे आधी कुणाच्या डोक्यात आलं? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही. व्हॉइस नोट चालेल. आणि उत्तर येईपर्यंत इंजिनिअर साहेबांना सुलेमानी मिळणार नाही, हे त्यांना कुणीतरी कळवा.