सहीच्या आधी

हे लिहायचं मी चाळीसहून अधिक वर्षं टाळलं. रामहरी गेल्याचा फोन आला तेव्हाही पहिला विचार दुःखाचा नव्हता. त्याची मुलगी म्हणाली, "काका, अप्पा गेले," आणि माझ्या मनात आलं, आता कुणाला सांगायचं?… त्याला पाच आठवडे झाले. घरात एका जागी बसवत नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघं राज्यसेवेच्या परीक्षेसाठी सांगलीजवळ माधवनगरला एका खोलीत राहिलो. तो माण तालुक्यातला, मी कोरेगावचा. मला कुठलाही साहेब व्हायचं होतं, त्याला फक्त नगरपालिकेचा मुख्याधिकारी. उन्हाळ्यात गावात टँकरची वाट बघत वाढलेला पोरगा. गावाला पाणी वेळेवर कसं द्यायचं, एवढा एकच ध्यास त्याला होता. मी लोकप्रशासनाची व्याख्या घोकत असायचो तेव्हा हा वही घेऊन सांगलीच्या गल्ल्यांत, कुठल्या नळाला किती वाजता पाणी येतं ते लिहीत हिंडायचा. "पुस्तकात पाणी नसतंय रं बाळू, नळावर जाऊन बघावं लागतंय," म्हणायचा. एकदा नळावरची एक बाई त्याला म्हणाली, "रोज येऊन इचारतोस, नगराध्यक्षाचा जावई हायस का रं?" हा शांतपणे म्हणाला, "न्हाई आक्का, पुढचा साहेब हाय." साऱ्या बायका हसल्या. तो मात्र गंभीर होता.

मुख्य परीक्षेचे फॉर्म आले. त्याचं अक्षर त्याच्याच शब्दांत "कोंबडी नाचल्यागत", म्हणून दोघांचे फॉर्म मीच भरायला बसलो. त्यात पदांचा पसंतीक्रम लिहायचा होता. तो माझ्यापेक्षा हुशार होता, गुणवत्ता यादीत वरच येणार होता आणि मुख्याधिकाऱ्यांच्या जागा थोड्या होत्या. त्याचं ऐकून ऐकून एव्हाना मलाही तेच पद हवं होतं. माझ्या फॉर्मवर मी ते पहिलं लिहिलं. त्याच्या फॉर्मवर पहिलं विक्रीकर अधिकारी लिहिलं, मुख्याधिकारी तिसरं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, हे आज जास्त टोचतं. तो चहा घेऊन आला. "कुठं करू सही?" मी बोट ठेवलं. त्यानं न वाचता सही केली.

निकालात तो वर, मी बराच खाली. त्याला विक्रीकर मिळालं, मला मुख्याधिकारीपद. तोच पेढे घेऊन आला. "जागांचं गणित काही कळत नाही बघ," मी म्हणालो. "व्हय… असंल," तो म्हणाला. पुढे कळलं की माझ्याही खालच्या एकाला ते पद मिळालं होतं. म्हणजे दोघंही झालो असतो. इतक्या हुशार माणसाला निकाल बघून काहीच समजलं नसेल, असं मी आयुष्यभर मानत आलो. मला ते सोयीचं होतं.

त्याची नळांची वही त्यानं मलाच दिली. "तुला लागंल, गड्या." मी ज्या ज्या गावी नोकरी केली तिथे तो एकदा येऊन गेला. घरी चहा घेण्याआधी पाण्याची टाकी बघायचा, व्हॉल्व्हवाल्याशी तासभर बोलायचा. त्यानं सुचवलेल्या वेळापत्रकाबद्दल एका गावानं माझा सत्कार केला, तेव्हा तो मागच्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होता.

निवृत्तीनंतर त्यानं दहिवडीत अभ्यासिका काढली. गेल्या हिवाळ्यात मी सगळं सांगायचं ठरवून तिथे गेलो. साताऱ्यापासून एसटीत मनाशी वाक्य घोकत होतो. तो एका मुलीसमोर बसला होता. आता फॉर्म कॉम्प्युटरवर भरतात, तरी हा प्रत्येकाला पसंतीक्रम आधी कागदावर लिहायला लावायचा, मोठ्यानं वाचायला लावायचा, मग त्याखाली सही. मुलगी पुटपुटत होती. "आगं, मला न्हाई, तुझं तुला ऐकू आलं पायजे. सहीच्या आधी वाचायचं. जिवाभावाच्या मैतरानं भरून दिलं तरी वाचायचं," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

मी तासभर तिथल्या पंख्यांबद्दल बोललो. स्टँडवर सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "बाळू, कायतरी बोलायचं हुतं न्हवं तुला?"

"नाही रे. सहज आलो होतो."

"बरं," तो म्हणाला. "पुढल्या टायमाला बोल."

परवा पुन्हा अभ्यासिकेत गेलो. त्याची खुर्ची जागेवर आहे. पोरं अजूनही तिच्यासमोर कागद धरून उभी राहतात, मोठ्यानं वाचतात आणि मग सही करतात. शेवटचा मुलगा बाजूला झाल्यावर मी पुढे झालो. एसटीत घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं… रामा, तुझा फॉर्म मी…

मागून कुणीतरी विचारलं, "आजोबा, काय पायजे हुतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."