पृथ्वी मिळवायची राहिली

चूक माझी होती, हे आधी लिहितो.

मिरज स्टेशनवर आम्हा नवरा-बायकोला निरोप देताना आई म्हणाली होती, "तुझ्यापायी हिनं शाळेतली नोकरी सोडलीय. ध्यानात ठेव." मी मान हलवली आणि म्हैसूर येईपर्यंत विसरलो.

सुनंदा मिरजेत गणित शिकवायची. म्हैसुरात कन्नड येत नाही म्हणून ती घरीच बसली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळी चामराजपुरमच्या भाड्याच्या घरात इथल्या मराठी घरांतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचो. एकदा फळ्यावर पाचशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा वेग काढला. उत्तर आलं सेकंदाला अठ्ठावीस किलोमीटर.

आतून सुनंदा म्हणाली, "अहो, पृथ्वीची त्रिज्या मिळवली का? अंतर केंद्रापासून धरायचं. या वेगानं तो पृथ्वी सोडूनच जाईल की."

मुलं हसली. मी म्हणालो, "तू पोळ्या बघ."

मुलं गेल्यावर त्रिज्या मिळवून पाहिलं. वेग साडेसातच्या आसपास आला. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, "काल मुद्दाम चुकलो होतो. कोण पकडतं ते बघत होतो." आत लाटण्याचा आवाज थांबला. त्यानंतर शिकवणी चालू असताना ती कधी एक शब्द बोलली नाही.

आता म्हैसुरातच, बोगादीत, आमचं स्वतःचं घर आहे. सुनंदा हट्टानं कन्नड शिकली आणि इथल्या शाळेत गणिताची बाई झाली. फोनवर आईशी बोलतानाही वाक्याच्या शेवटी 'हो ना' ऐवजी 'अल्वा' म्हणते. आई हसते, "सून कानडी झाली माझी." मिरजेला गेलो की चार दिवसांत आम्ही एकमेकांना विचारतो, घरी कधी निघायचं? ते घर म्हणजे बोगादीचं.

परवा राघवेंद्र बायकोला घेऊन आला. तेव्हाचा माझा विद्यार्थी, इथल्या जुन्या मराठी शिंप्यांच्या घरातला. कौतुकानं बायकोला सांगू लागला, "आमचे सर मुद्दाम चूक करायचे, पकडा म्हणायचे. अल्वा, सर?"

सुनंदा खाली बघून कॉफी ओतत होती.

"नाही रे," मी म्हणालो. "खरंच चुकलो होतो. हिनं पकडलं, आणि मी हिला पोळ्या बघायला सांगितलं." मग तिच्याकडे वळलो. "सुनंदा, तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आज यांच्यासमोर सांगतो. माझं चुकलं. तू मिरजेत काय सोडून आलीस, तेही हिशेबात मिळवायचं राहिलं माझ्याकडून."