काकूंनी हाडं मनावर घेतली

आमच्या शेजारच्या काकूंना ठरवलेल्या गोष्टीपासून परावृत्त करेल असा माणूस आयर्लंडमधल्या आमच्या अख्ख्या नावन गावात नव्हता. नागपूरच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. शिट्टी तिकडे राहिली, आवाज मात्र बरोबर आला. रस्त्यात भेटेल त्याला ‘हाऊ आर यू’ विचारून त्या उत्तरासाठी थांबायच्या. इथे तसं कुणी थांबत नाही, असं मी सांगून पाहिलं. ‘मग विचारतात काहून?’

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात दारातल्या बर्फावर घसरल्या आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणून स्कॅन केला, तर हाडं ठिसूळ निघाली. कोविडमुळे डॉक्टरीणबाई फोनवर. त्यांचे उच्चार काकूंना कळेनात, म्हणून स्पीकर लावून मी दुभाषी.

‘पाळी कधी थांबली?’

‘चाळिशीत. ऑपरेशनमध्ये पिशवी काढली, अंडाशयंही काढली.’

‘नंतर हार्मोन्स दिले होते?’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘द्यायचे असतात?’

अंडाशयांतलं हार्मोन हाडं जपतं, ते इतक्या लवकर बंद झालं की हाडं झिजत जातात, असं बाईंनी समजावलं. काकूंनी अजून साठी गाठली नव्हती, तेव्हा तपासण्या ठीक आल्या तर अंगावर चिकटवायची हार्मोनची पट्टी लावता येईल, बाई म्हणाल्या. मुलगा घाबरला. ‘आई, इंटरनेटवर कॅन्सरचं लिहिलंय!’ काकूंनी घरात कुणाला काय झालं होतं ते सगळं सांगितलं, छातीची तपासणी करून घेतली, धोक्यांबद्दल बाईंना पुन्हा पुन्हा विचारून भंडावलं आणि मुलाला म्हणाल्या, ‘घाबरून तू राहिला, झिजून माझी हाडं राहिली. पट्टी लावणार.’

मग काय विचारता! कमरेखाली पट्टी, हातात दुधाचा पेला आणि प्लास्टर निघाल्यावर जिन्यावरून चढउतार, तीही कणकेची पिशवी कवटाळून. पलीकडच्या आयरिश आजी कुंपणावरून बघता बघता स्वतःच सामील झाल्या. घरांसमोरच्या हिरवळीवर दोघींची कवायत सुरू झाली. ‘बॅक स्ट्रेट! यू आर ग्रँड!’ काकू आजींकडून उचललेल्या इंग्रजीत ओरडायच्या, आणि कुत्रं फिरवणारे लोकही नकळत ताठ व्हायचे.

पुढल्या वर्षअखेरीस पुन्हा स्कॅन झाला. झीज थांबली होती. काकूंनी त्याच दुपारी दारातूनच धाकट्या बहिणीला नागपूरला फोन लावला. ‘तुझंही तेच ऑपरेशन झालं होतं ना? उद्याच हाडं तपासून घे. मले काही ऐकायचं नाही!’

फोन ठेवला आणि त्या पायरीवर बसल्या. ‘सगळं काढून टाकू, म्हणाले. आम्ही बरं म्हटलं. पुढे काय होईल, हे कुणी सांगितलंच नाही गं.’

आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला. मीही शेजारी बसले, मधे कोविडचे दोन मीटर सोडून.