रोज एक माणूस

चंद्रभान सेलूच्या गुजरीत वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायचा. माल संपला की परतीची एसटी येईपर्यंत स्टँडजवळच्या लिंबाखाली बसायचा आणि समोर जो दिसेल त्याचं चित्र वहीत काढायचा. एका पानावर एक माणूस, खाली तारीख. गुजरीला गेला नाही, तर गावातलाच कोणी तरी. ही सवय त्याला १९६८ साली लागली. टायफॉइडनं वर्ध्याच्या दवाखान्यात महिनाभर पडून होता. वेळ जाईना म्हणून शेजारच्या खाटेवरचा म्हातारा काढला, दुसऱ्या दिवशी कंपाउंडर. मग ते थांबलंच नाही.

आठ वर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नाही. "माह्या मिशा बराबर काढजो गा," एवढंच लोक म्हणायचे.

१९७६ चा पावसाळा सरत आला आणि शेजारच्या गावात जीप आली. नसबंदीच्या कॅम्पासाठी सहा माणसं उचलून नेली. जीपवाल्यांना घरं विचारावी लागली नाहीत. कोणाला किती लेकरं, तेही त्यांना ठाऊक होतं. नावं दिली कोणी, हीच चर्चा आमच्या गावात सुरू झाली, आणि नजरा वहीकडे वळल्या.

चंद्रभान दिसला की माणसं धोतराचा सोगा तोंडावर घ्यायची. ओळखीच्या बायाही त्याच्याकडची वांगी घेईनात. शेजारच्या रूपरावनं तर मारुतीच्या देवळापुढं त्याला अडवलं. दोघं लहानपणापासूनचे सोबती.

"रोज काय लिवून राह्यला तू?"

"लिवत नाई. चित्र काढतो. तुले तं माहीत हाय."

"मंग खाली तारखा काऊन?"

जमलेल्यांनी वही हिसकली, पानं उलटली. नाव कुठंच नव्हतं, पण त्यानं कोणाचं समाधान झालं नाही. "चेहरा असल्यावर नावाचं काय काम?" रूपराव म्हणाला.

घरी रुख्मिणीनं ताट वाढलं आणि मान खाली घालून विचारलं, "मले तरी खरं सांगा. कोणाले दाखवता हे?"

बायकोचा तो प्रश्न त्याला देवळापुढच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. त्यानं वही पेटीत टाकली. तीन दिवस कसेबसे काढले. कुठं बसलं तरी समोरच्याचं नाक, कान, गळ्याची हाडं डोळ्यांत शिरायची. चौथ्या दिवशी तो वही घेऊन तुरीच्या वावरात लपून बसला आणि धुऱ्याच्या बांधावरून जाणारी गुराखीण काढू लागला. तिनं पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: आता तं लपून काढून राह्यला.

आठवड्यानं जीप गावात आली. चारजण नेले. त्यात चंद्रभान होता.

कॅम्प तंबूत होता. कारकुनानं त्याचं नाव, वय, लेकरं, सगळं आधीच लिहिलेलं वाचून दाखवलं. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "केस आणणारा, रूपराव. बरोबर ना?"

चंद्रभाननं ते पुन्हा वाचायला लावलं. चौघांच्याही नावापुढं तेच होतं.

तिसऱ्या दिवशी तो परतला. हातात तुपाचा डबा होता, कॅम्पात सगळ्यांना दिलेला. पारावर कोणी तरी बोललं, "पाहा, बक्षीस भेटलं." बाकीच्या तिघांकडंही डबे होते, ते कोणी पाहिले नाहीत. घरी रुख्मिणीनं त्याचं चालणं पाहिलं, डबा हातातून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून रडली. पुन्हा तिनं कधी काही विचारलं नाही. त्यानंही तिला रकान्याचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन रूपरावच्या अंगणात गेला.

"बस जरा. तुह्यं चित्र काढतो."

"आज? तुले तं आराम सांगतला असंन."

"बस ना गा."

रूपराव बाजेवर बसला. चंद्रभाननं वहीत त्याचा फेटा काढला, खांदे काढले, कुडत्याची फाटकी गुंडीपट्टी काढली. रूपराव आधी जमिनीकडं पाहत राहिला, मग बैलाकडं.

"कॅम्पात काई... काई बोलले का ते?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"तेच. कारकून-गिरकून."

"इकडं पाह्य," चंद्रभान म्हणाला.

रूपरावनं पाहिलं नाही. बैलाला पाणी पाजायचं राहिलं म्हणत उठला आणि घरात गेला.

त्या दिवसापासून रूपराव भेटेल त्याला सांगू लागला, की चंद्रभान तसा माणूस नाही. इतक्या वेळा सांगू लागला, की लोकांना रूपरावचीच शंका येऊ लागली. त्यांनी चंद्रभानला खोदून विचारलं. तो म्हणायचा, "मले काय मालूम?" खरं त्याला मालूम होतं, हे मलाही फार उशिरा कळलं. रूपराव १९८३ त वारला, त्यानंतर एकदा वह्या दाखवताना चंद्रभाननं स्वतःच सांगितलं.

एकोणीस वह्या होत्या. त्या सकाळच्या पानावर फेटा आहे, मिशा आहेत. डोळ्यांची जागा कोरी. मी विचारलं, मागून भरता आले असते की, रोजच तर दिसायचा.

"दिसे," चंद्रभान म्हणाला. "पण पाह्यलं नाई त्यानं. मंग कसे काढू?"