आप्पांचा आवाज आणि कोपऱ्यातला सर्व्हर

माझ्या सासऱ्यांना सगळं घर आप्पा म्हणतं. आंबेगाव-जुन्नरच्या घाटांवर मात्र त्यांना चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त ओळखायचे. घाट म्हणजे आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचा चढ. गावची यात्रा आली की गाडे पळायचे आणि माईक आप्पांच्या हातात असायचा. एकेका गाड्याची पळण्याची पाळी म्हणजे बारी. बारी कुणाची, बैल कुणाचे, पुढे पळणारी घोडी कुणाची हे सगळं ते एका दमात सांगायचे. गाडा निशाणापार गेला की सेकंद पुकारायचे आणि वर 'भिर्रर्र' अशी आरोळी ठोकायचे. हा माणूस घरीही असाच बोलत असेल तर आपलं कसं व्हायचं, ही धास्ती घेऊन मी पेठ गावात सासरी आले. घरी मात्र ते मोजकंच बोलायचे. घसा यात्रेसाठी राखून ठेवलाय, असं आत्या म्हणायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

मग एका सकाळी चहा पिताना आप्पांच्या हातातून कप सुटला. अर्धांगवायूचा झटका होता. पाय सावरला, डावा हात तर चांगलाच होता, उजवाही हळूहळू उचलायला लागला, पण वाचा काही परत येईना. समजायचं सगळं. बोलायला गेले की नुसतं 'अं, अं' व्हायचं आणि मग त्यांचा राग अनावर व्हायचा. बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी चित्रांची कार्डं दिली: सफरचंद, मोर, छत्री. दोन दिवसांनी ती कार्डं गोठ्यात शेणात सापडली. मला हसू आलं, पण मॅडमना कसलं हसू? त्या म्हणाल्या, "मग त्यांच्या जिभेला ज्याची सवय होती ते रोज ऐकवा. सोबत म्हणू द्या. पण उशीर करू नका, पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल."

त्यातलं अर्धं वर्ष केव्हाच सरलं होतं. भेटायला कुणी आलं की आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. ज्याच्या आवाजावर अख्खा घाट उठायचा-बसायचा, त्या माणसाला पावण्यांना 'या, बसा' म्हणता येत नाही म्हणून तोंड लपवावं लागत होतं. मला ते बघवायचं नाही.

जिभेची सवय कपाटात पडून होती. यात्रेचे शूटिंगवाले दरवर्षी आप्पांना एक सीडी आठवणीने द्यायचे. गोणीभर सीड्या जमल्या होत्या, नंतरच्या वर्षांचे पेनड्राइव्ह वेगळेच. नवरा म्हणाला, "पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीमागं खुपस की. एवढा कशाला कुटाना?" आता या शहाण्याला काय सांगायचं? कुठल्या गावची बारी बघायचीय हे आप्पा सांगणार कसं? त्यांना समोर चित्रं दिसायला हवी होती आणि डाव्या हाताने रिमोट दाबून निवडता यायला हवं होतं. त्यासाठी घरात सर्व्हर हवा. म्हणजे एक कॉम्प्युटर कोपऱ्यात कायम चालू ठेवायचा, सगळं शूटिंग त्याच्यात भरायचं आणि टीव्हीने ते त्याच्याकडून मागून घ्यायचं.

मी घोडेगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. क्लासने अडगळीत टाकलेला एक कॉम्प्युटर मी स्कूटीवर पायांत धरून पेठेला आणला. त्यात मोठी हार्ड डिस्क घातली, फुकटात मिळणारा प्रोग्रॅम टाकला आणि रोज संध्याकाळी सीड्या भरत बसले. प्रत्येक यात्रेला त्या गावच्या देवळाचा फोटो लावला. पहिल्या दिवशी पडद्यावर देवळांची रांग लागली तेव्हा आप्पा खुर्चीत पुढे सरकले. आणे गावच्या देवळावर थांबले, तिथून घोडेगावावर आले, पुन्हा आणेवर गेले. हॉटेलात मेनूकार्ड वाचणाऱ्या माणसासारखे ते निवांत निवडत होते. मला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकतोय! जुन्या सीडीतला आवाज पडद्याच्या मागे पडला. बैल निशाणापार जाऊन, घाम पुसून उभे राहिलेत आणि आप्पांचा आवाज आत्ता कुठे 'आली, आली' करतोय. आप्पा माझ्याकडे असे बघायचे की मीच त्यांची जन्माची अब्रू घालवली. ते सगळं शूटिंग मी पुन्हा नव्या फॉरमॅटच्या साच्यात बसवलं. तेवढ्यात राउटर बंद होऊन चालू झाला आणि सर्व्हरचा पत्ता बदलला. टीव्ही बिचारा जुन्याच घराचं दार वाजवत बसला. मग सर्व्हरला कायमचा पत्ता नेमून दिला. वायफाय दगडी भिंतीतून नीट येईना, तर माळवदावरून वायर ओढली.

चार दिवस गुण्यागोविंदाने गेले आणि मशीन आपोआप बंद पडायला लागली. हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत सगळं पिवळंधमक! पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, जिकडे बघावं तिकडे भंडारा.

"आत्या, हे काय?"

"बारी सुटताना भंडारा उधळत्यात का न्हाई? तू रोज ह्यांची बारी लावती. म्हणून म्या रोज सकाळी चिमूट चिमूट टाकती. देवाचं हाये ते, त्यानं काय व्हतंय?"

देवाने काही झालं नव्हतं. पंख्याने मात्र ती चिमूट रोज भक्तिभावाने आत ओढून घेतली होती. मी ब्रश घेऊन बसले आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. आत्या ऐकून घेत होत्या, पण त्यांचा चेहरा काही पडला नाही. पडणार कसा? नवऱ्याला वाचा यावी म्हणून त्यांच्याकडे होतं ते त्यांनी केलं होतं, मीही तेच करत होते. शेवटी असं ठरलं की भंडारा टीव्हीखालच्या फळीवर वाटीत ठेवायचा आणि उधळायचा नाही.

तोवर आप्पांचे ओठ हलायला लागले होते. टीव्हीतल्या आवाजाबरोबर ओठ बरोबर चालायचे, पण त्यांत आवाज नसायचा. आत्या कान जवळ नेऊन ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

आणि नेमका तेव्हाच नवा रोग जडला. चांगली बारी रंगात आली की सर्व्हर मान टाकायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. हार्ड डिस्क तपासली, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, वायर बदलली. एकदा वैतागून अंगणात जाऊन उभी राहिले आणि डोक्यात प्रकाश पडला. शेतीची लाइट आली होती. बिबट्याच्या भीतीने आमच्याकडे वेळी-अवेळी विहिरीवर जायला कुणी धजत नाही, म्हणून सगळ्यांनी मोटारींना आपोआप सुरू करणारे ऑटो बसवलेत. लाइट आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम हुंकारतात. त्या झटक्यात घरातला दिवा मिणमिणतो आणि आमचा सर्व्हर डोळे मिटतो. टीव्हीला स्टॅबिलायझर होता, तो तगायचा. सर्व्हर उघड्यावर पडला होता. त्यात सगळ्यांत आधी हुंकारणारी मोटार आमचीच. नवऱ्याला म्हटलं, मंचरहून सर्व्हरसाठी बॅटरीचा डबा आणा. तो म्हणाला, "आणतो की." आमच्या घरात 'आणतो की' म्हणजे पुढचा आठवडा.

डबा यायच्या आधीची एक दुपार. आप्पांनी एक जुनी बारी लावली होती. मी शेजारी कांदे निवडत होते, आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. गाडा सुटला. घोडी पुढे, बैल मागे, धुरळा, आणि आप्पांचा तेव्हाचा खणखणीत आवाज: "आली, आली, आली..."

मोटारी हुंकारल्या, दिवा मिणमिणला आणि पडदा थिजला. बैल अर्ध्या घाटात तसेच टांगलेले. मी नवऱ्याचा, त्या डब्याचा आणि वीज मंडळाचा मनातल्या मनात उद्धार करत उठले.

"...आली."

मला वाटलं टीव्ही सुरू झाला. टीव्ही मुका होता.

"आली... आली." आवाज घोगरा होता, अडखळत होता, पण होता. आप्पा खुर्चीच्या कडेवर आले होते आणि डोळे त्या थिजलेल्या बैलांवर होते. गाडा अर्ध्यात सोडणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. त्यांनी तो ओढत ओढत निशाणापार नेला. आरोळीतला 'र' नीट वळला नाही, 'भिल्ल' असं काहीतरी झालं. मग डावा हात वर गेला.

"बा... रा."

मी हातातले कांदे टाकून तशीच उभी राहिले. रडू येत होतं आणि हलायची भीती वाटत होती. आत्या पिठाच्या हातांनी दारात आल्या. त्या आता डोळे पुसतील असं मला वाटलं.

"बारा कुठलं? चौदा व्हते. माझ्या भावाचा बैल व्हता त्या बारीला, मला ठावं न्हाई व्हय?"

आप्पांनी मान वळवली. "न्हाई," ते म्हणाले. "बारा."

"चौदा!"

"बारा!"

आठ-नऊ महिन्यांनी त्या घरात भांडण होत होतं. मी मध्ये पडले नाही. सर्व्हर उठून बसेपर्यंत दोघं एकमेकांकडे डोळे वटारून होते. मग मी तीच बारी पुन्हा लावली. बैल निशाणापार गेले आणि टीव्हीतले आप्पा, भर यात्रेत, छातीठोकपणे ओरडले, "चौदा सेकंद!"

आत्यांनी कमरेवर हात ठेवले. आप्पांनी पडद्यावरच्या त्या माईकवाल्याकडे नखशिखांत बघून घेतलं, हात झटकला आणि एकेक शब्द नीट उचलून ठेवत म्हणाले,

"त्याला... काय... कळतंय."