४१७ नंबरची ओळ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातून अंगारे, उतारे सगळं गेलं. त्यामुळे हे वाचून कुणी मला शांती-बिंती करून घ्यायचा सल्ला देऊ नये...

१९८९ सालची गोष्ट. रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खाजगी कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी ऑपरेटर होते. शाळांच्या एका स्कॉलरशिप परीक्षेचे निकाल टाइप करायचं काम आलं, म्हणून साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये जास्तीची मेमरी बसवून घेतली. मशीन एकच, पण आतून त्याचे चार भाग पाडलेले, आणि चार स्क्रीनवर आम्ही चौघी. मुंबईचा इंजिनिअर त्या भागांना 'व्हर्च्युअल मशीन' म्हणायचा. चौथी स्क्रीन माझी.

दुसऱ्या दिवसापासून फक्त चौथा भाग बंद पडायला लागला. रोज, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. पुन्हा चालू केला की माझ्या फाइलच्या शेवटी एक ओळ जास्त असायची — ४१७. नुसता परीक्षा नंबर; नाव नाही, मार्क नाहीत. माझ्याकडच्या कागदावर तर ४१६ नंतर थेट ४१८ होता.

इंजिनिअर परत आला. मेमरीचं कार्ड काढून घातलं, वायरी बदलल्या, कीबोर्ड बदलला. "कार्डात दोष नाही," तो म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाकी तिघींचं नीट चालतंय. उद्या मशीनपुढे नारळ फोडू. तू चार दिवस घरी राहा."

"नारळ तुमचा तुम्ही फोडा," मी म्हटलं, "मी घरी बसणार नाही. उद्या माझ्या जागेवर या तिघींतल्या शैलाला बसवा. मी तुमच्यासमोर बसते."

बसले. हात मांडीवर ठेवून, सकाळपासून. बाराच्या सुमारास शैला म्हणाली, "साहेब, थांबलं बघा." चालू केलं... ४१७.

"मी नाय हो टाइप केलं," शैला रडकुंडीला आली.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. ४१६ आणि ४१८ देवरूखकडच्या एका शाळेचे होते. शनिवारी पहिली एसटी धरून मी तिथं गेले. पेपर त्याच शाळेत तपासलेले.

"४१७ गैरहजर असंल," शाळेचे क्लार्क म्हणाले.

"तसं कुठं लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. गठ्ठा सोडला. ४१८ च्या पेपराच्या मागे डिंकानं चिकटून ४१७ चा पेपर होता. वर एका मुलीचं नाव. तपासलेला, शंभरात एक्क्याऐंशी.

"ही मुलगी... आता कुठं असते?" मी चाचरत विचारलं.

"कुठं म्हणजे? ती काय, वर्गाचा माठ भरत्येय."

सोमवारी तिचे मार्क टाकले. त्यानंतर चौथा भाग एकदाही बंद पडला नाही. मुलीला स्कॉलरशिप मिळाली.

इंजिनिअरच्या रिपोर्टवर बिघाडाचं कारण लिहायचं होतं. साहेब म्हणाले, "ऑपरेटरची चूक लिहा आणि मिटवा." मी सांगितलं, तसं लिहिलंत तर सही करणार नाही. इंजिनिअरनं ती जागा कोरीच सोडली.

पुढे मी वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला. जाणकारांना विचारत राहिले. मशीन का बंद पडलं, याची कारणं पुष्कळांनी दिली. ती ओळ कुणी टाइप केली, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.