पाणी बघणारी

आता नदीवर पूल झालाय. रिक्षा थेट दारात येते आणि माणसं धड निरोप न घेता निघून जातात. मला तो पूल आवडत नाही म्हटलं की घरातले हसतात. हसू देत.

आमच्या वेळी पलीकडे जायचं तर चाचांची होडी. पावसाळ्यात डोंगरातलं पाणी उतरलं की नदीला भयंकर ओढ असायची. मात्र समुद्राकडून भरती चढली की थोडा वेळ ती ओढ मोडायची. तेवढ्यात होडी लोटायची. ती वेळ कळावी म्हणून काठावरून नारळाचं सोडण, म्हणजे वरची सुकी साल, पाण्यात टाकत. वाहून गेलं तर थांबायचं, जागीच घुटमळलं तर निघायचं. सोडण टाकणारा मात्र जाणाऱ्यांतला नको, हा आमच्या घरचा कायदा. घाईतल्या माणसाला पाणी नीट दिसत नाही, असं चाचांचं म्हणणं.

अब्बा रजा संपवून आखातात परत निघाले, तेव्हा हे काम अम्मीकडे आलं. दरड कोसळून आमच्या बाजूचा रस्ता बंद होता. पलीकडे जाऊन रत्नागिरीहून मुंबईची गाडी धरायची होती. ही भरती चुकली की विमान चुकणार, आणि मग नोकरीत त्यांच्या जागेवर दुसरा माणूस बसणार. अम्मीला हे सगळं ठाऊक होतं.

पहिलं सोडण सरळ वाहून गेलं. दुसरं जरा रेंगाळलं. तिसरं काठाजवळ नुसतंच गोल फिरत राहिलं. चाचांनी वल्ही सरळ केली.

अम्मी म्हणाली, "अजून ओढ हाय."

मला तर ओढ मोडलेली स्पष्ट दिसत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अब्बांनी माझा हात दाबला. ते होडीच्या कडेवर टेकले आणि तिला म्हणाले, "तुला दिसंल तवा सांग. मी बसलोय."

अम्मीने आणखी एक सोडण टाकलं. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही, ती अब्बांकडेच बघत होती. किती जीव तुटत असेल तिचा, ते मला आता कळतं. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "सोडा."

अब्बा आत चढले, चाचांनी होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरलं आणि आम्ही सगळ्यांनी मागून लोटली. होडी तरंगली तसे आम्ही मागे सरलो. अम्मी कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. चाचा वल्हं उचलून थांबले होते.

शेवटी ते हळूच म्हणाले, "भाबी, होडीवरचा हात काडा आता."